सातेरीच्या राईत यंदा अळंबी नाहीत

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितो आहे ते कबुलीजबाब म्हणून. गुडघे कुरकुरतात, साखर आटोक्यात आहे, ते असो. श्रावण अर्धा सरला तरी राईत एकही अळंबे उगवलेले नाही. घरात हे बोललो, तर ‘बाजारातून आणू की’ असे उत्तर मिळाले.

जीर्णोद्धाराच्या वेळी राई ‘स्वच्छ’ करण्याचा ठराव मीच मांडला होता, हे तुझ्या कानावर आले असेलच. जेसीबीने दोन दिवसांत गुडघाभर पाचोळ्याचा पातेरा वरच्या वीतभर मातीसकट खरवडला, देवळामागची तीन वारुळे सपाट केली आणि तिथे पेव्हर ब्लॉक बसले. गाभाऱ्यातले वारूळ तेवढे राहिले. ती प्रत्यक्ष सातेरी, आपली ग्रामदेवता, तिला हळदकुंकू. आत जिची पूजा करायची, तिचीच बाहेरची भावंडे लोखंडी दातांखाली द्यायची, हे मला तेव्हा खटकले नाही. तू भर सभेत हसला असतास, म्हणूनच तुला आमंत्रण धाडले नाही. वाळवी वारुळात जी बुरशी पिकवते तिचीच ही अळंबी. शेतच मोडल्यावर पीक कुठून येणार?

परंतु खरी काळजी रोपांची आहे. खरवडलेल्या पट्ट्यात आम्ही सीतेचा अशोक, सातवीण आणि किंजळ अशी 40 रोपे लावली, शेणखत घातले, उन्हाळाभर पाणी दिले. आज सात उरली आहेत. एक मेलेला अशोक उपटून पाहिला, तर मुळे अजून पिशवीच्याच आकारात गुंडाळलेली होती, बाहेरच्या मातीत बोटभरही शिरली नव्हती. उलट कोणी न लावलेली ऑस्ट्रेलियन अकेशिया डोक्याएवढी झाली आहे. नत्र बांधणारे जिवाणू ती मुळांवरच्या गाठींत बाळगते, तिला आमच्या शेणखताची काय पर्वा!

मग कुंपणापलीकडे, न खरवडलेल्या भागात गेलो आणि जुन्या सातविणीखालचा ओंजळभर पातेरा तुझ्या भिंगाखाली धरला. (होय, 1981 साली नेलेले तेच भिंग.) दोन पाने पांढऱ्या तंतूंनी एकमेकांना शिवलेली होती. ही पाने कुजवणारी बुरशी, मुळांत शिरणारी भिंगाने दिसत नाही, असे तू म्हणशील, ते ठाऊक आहे. जांभ्याच्या मातीतले स्फुरद (फॉस्फरस) लोह आणि ॲल्युमिनियम जखडून ठेवतात, मुळाशेजारचे संपले की त्यापलीकडचे बुरशीचे तंतू आणून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात, हे तू सांगत होतास, तेव्हा मुळे आणि बुरशीच्या या भागीदारीसाठी जर्मन शास्त्रज्ञ फ्रँकने 1885 साली घडवलेल्या ‘मायकोरायझा’ या शब्दाची मी ‘तुझ्या जर्मन मावशीचे नाव’ म्हणून टिंगल केली होती. ती टिंगल आज मागे घेतो.

आता असा विचार आहे की पेव्हर ब्लॉक उखडावेत आणि राईच्या शाबूत भागातली चार-चार ओंजळी माती प्रत्येक खड्ड्यात घालावी. मात्र दोन शंका झोपू देत नाहीत. एक, एकदा उघडी केलेली राई बरी करण्यासाठी उरलेली राई उकरणे ही दुसरी चोरी तर होणार नाही? दुसरी तुझ्यामुळेच आली आहे. जॅन्झन या शास्त्रज्ञाने 1970 साली आणि कॉनेलने पुढच्या वर्षी मांडलेले तू माझ्याकडून घोकून घेतले होतेस: आई-झाडाच्या पायाशी तिच्या शत्रूंची गर्दी असते, म्हणून तिथे तिचे पोर तगत नाही, आणि म्हणूनच राईत एकाच जातीचे राज्य होत नाही. त्या गर्दीत मातीतल्या रोगकारक बुरश्याही येतात ना? मग अशोकाला अशोकाखालची माती घालू, की सातविणीखालची? समितीला मी याचे उत्तर देऊ शकत नाही, आणि त्यांना पुन्हा फसवायचेही नाही.

वहिनींचा मोतीबिंदू उतरला ना? धाकटीला नोकरी लागल्याचे कळले, तिला आशीर्वाद.

पाऊस ओसरण्याआधी उत्तर धाड. दसऱ्यानंतर खड्डे भरण्यात अर्थ नाही. भिंग मात्र पोस्टाने पाठवणार नाही, येऊन घेऊन जा.

तुझा,
बाळ्या