क्लच बदलला अन् गाडीची बत्ती गुल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नागपुरात पारा ४५ च्या वर गेला की बॅटरीच्या दुकानात गर्दी होते, अन् कोणाचीही गाडी चालू झाली नाही की जो तो एकच सांगते, बॅटरी गेली भाऊ, बदलून टाका. गरमीत बॅटरी लवकर बसते हे खरंच आहे. पण गाडी नुकतीच गॅरेजातून निघाली असेल अन् त्यानंतरच लाइटची भानगड सुरू झाली असेल तर आधी तिथंच पाहावं जिथं कामवाल्याचा हात लागला, एवढं वाचकांपर्यंत पोचावं म्हणून लिहून राहिलो.

माझ्या जुन्या पेट्रोल गाडीची क्लच प्लेट घराजवळच्या एका गॅरेजात बदलली. क्लच मस्त झाला, पण दुसऱ्याच दिवसापासून सेल्फ मारला की कर्र कर्र करून थांबायचा, हेडलाइट मेणबत्तीसारखे मिणमिणायचे, डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल लाइट जायचाच नाही. परत गॅरेजात नेली तर म्हणे बॅटरी. नवी टाकली, दोन दिवस बरं चाललं अन् पुन्हा तेच. मग म्हणे डायनॅमो चार्ज करत नाही, तो काढून दुसरा टाकला, तरी तेच. शेवटी म्हणाले आता ईसीएमच, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरच असन काका, खर्च मोठा आहे. यात एका गोष्टीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, म्हणजे मी दाखवली होती पण ऐकते कोण. सेल्फ मारल्यावर बोनेट उघडलं की अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावला तर चटका बसायचा, वरचं काळं प्लास्टिक नरम पडून बोटाला चिकटायचं. म्हणे उन्हाळा आहे, होते गरम.

मग कॉटन मार्केटकडे एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. त्याने पाना हातात घेतलाच नाही, आधी विचारलं की याच्याआधी काय काम केलं, अन् मग मल्टीमीटर काढला. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे एकदम ठणठणीत. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरली अन् मला सेल्फ मारायला लावला. तिथं अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला पाहिजे, दिसले ३ च्या वर. जम्पर केबल घेऊन बॅटरीचा मायनस सरळ इंजिनला जोडला तर गाडी एका झटक्यात चालू! गिअरबॉक्सवर बसणारी अर्थची पट्टी, म्हणजे बॅटरीचा मायनस इंजिनपर्यंत नेणारी जाड तार, गिअरबॉक्स उतरवताना काढलेली होती, ती परत लावलीच नव्हती, खाली मोकळी लोंबत होती.

आता हे डायनॅमोवर काहून गेलं ते पाहा. सेल्फ अन् डायनॅमो दोन्ही इंजिनवर बसतात, दोघांचा मायनस इंजिनमधूनच जातो. सेल्फला शंभराच्या वर अँपिअर लागतात, मेन पट्टीच नाही तर एवढा करंट जाईल कुठून, तो सापडल त्या केबलमधून वाट काढते अन् ती केबल तापते. डायनॅमो त्याच्या जागी बरोबर १४ व्होल्ट बनवत होता, पण बॅटरीवर पोचत होते जेमतेम १२. मेकॅनिकने फक्त बॅटरीवर मीटर लावला, म्हणून डायनॅमो नापास. तोच मीटर डायनॅमोवर लावला असता तर माझे पैसे वाचले असते. गॅरेजवाल्याला जाऊन विचारलं तर म्हणे पोट्ट्याकडून राहून गेलं असन, अन् बॅटरीचे पैसे मागितले तर म्हणे नवी बॅटरी तर तुम्हीच वापरून राहिले ना! घ्या.

असे प्रकार बरेच आहेत. दुसऱ्या बॅटरीवरून जम्प देताना प्लस-मायनस उलटं लागलं की मेन फ्यूज उडते अन् डायनॅमोचे डायोड जातात. टचस्क्रीन किंवा रिव्हर्स कॅमेरा बसवणारे ओरिजिनल वायरिंग सोलून त्यात वायर पिळतात, मग गाडी बंद असतानाही करंट चालूच राहते अन् सकाळी बॅटरी डाऊन. लॉक करून अर्धा तास थांबलं अन् तरी ५० मिलीअँपिअरच्या बरंच वर करंट जात असेल तर एकेक फ्यूज काढत जायचा, ज्याच्यानं करंट पडते त्या लाइनवर चोर आहे. अन् सगळ्यात वाईट म्हणजे १० अँपिअरचा लाल फ्यूज वारंवार उडते म्हणून तिथं ३० चा हिरवा ठोकून देणारे महाभाग. फ्यूज उडत नाही मग वायर जळते बाप्पा, गाडीत लेकरंबाळं बसलेली असतात.

गॅरेजवाले सगळे चोर आहेत असं माझं म्हणणं नाही, बहुतेकांना लाइटचं काम कोणी धड शिकवलेलंच नसते. श्रद्धानंदपेठेतल्या सरकारी आयटीआयने संध्याकाळी गॅरेजच्या पोरांसाठी मल्टीमीटरचा छोटा कोर्स काढला तर फार बरं होईल. ग्राहकांनी पण पार्ट बदलायच्या आधी किती व्होल्ट आले ते जॉब कार्डवर लिहून घ्यावं, जुना पार्ट परत मागावा, पक्कं बिल सोडू नये. मेकॅनिक ऐकतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन करता येते, अन् २०१९ च्या ग्राहक कायद्याने जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ५ लाखापर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. माझे दोन्ही बिलं मी जपून ठेवले आहेत, कागद जमवणं चालू आहे.

आपला,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर