फेलोशिप वेळेवर द्या : केंद्रीय अणुऊर्जा राज्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

मी सांगलीचा, भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. एका आकड्याबद्दल आणि तो शोधणाऱ्या मुलांच्या फेलोशिपबद्दल लिहितो आहे. आकडा : पाच तृतीयांश.

कणभौतिकीच्या स्टँडर्ड मॉडेलमध्ये, म्हणजे मूलकणांच्या आजच्या मान्य सिद्धांतात, मोजपट्टी एकच : हिग्ज या कणाच्या वस्तुमानाची संज्ञा. बाकी नुसते, एकक नसलेले आकडे. ती संज्ञा काढली की मूळ समीकरणांना लहान-मोठे कळतच नाही. ही स्केल सिमेट्री. मग वस्तुमान येते कुठून? क्वांटम परिणामच ही सममिती मोडतात आणि मोजपट्टी आपसूक उगवते, असे सिडनी कोलमन आणि एरिक वाइनबर्ग यांनी १९७३ साली दाखवले. (प्रोटॉनचे बहुतेक वस्तुमानही त्याच्या आतल्या क्वार्क-ग्लुऑन कणांच्या ऊर्जेतूनच येते. म्हणून ही कल्पना मला कधी परकी वाटली नाही.) पण टॉप क्वार्क हा मूलकण फार जड निघाला, त्यामुळे एकट्या स्टँडर्ड मॉडेलमध्ये हे जुळत नाही. प्रत्यक्षात सापडलेला १२५ जीईव्ही (कणांच्या वस्तुमानाचे एकक) वस्तुमानाचा हिग्ज मिळवायला आणखी बोसॉन जातीचे कण लागतात. त्यांतलाच एखादा विश्वातले न दिसणारे कृष्णद्रव्यही असू शकेल.

हे नुसते कागदावरचे गणित नव्हे. यातल्या बऱ्याच साध्या मॉडेलांत तीन हिग्जमधल्या जोडणीची ताकद नेहमीच्या अपेक्षेच्या सुमारे पाच तृतीयांश येते. ती मोजायला हिग्जच्या जोड्या हव्यात, आणि हजार हिग्जमागे एकही जोडी पदरात पडत नाही. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या, कण आदळवणाऱ्या एलएचसी यंत्राची वाढीव क्षमता २०३० च्या सुमारास सुरू होईल, ती यासाठीच मोलाची.

भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. एलएचसीवरच्या सीएमएस या प्रयोगातला बाहेरचा हॅड्रॉन कॅलोरिमीटर (कणांची ऊर्जा मोजणारे उपकरण) उभा करण्यात आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा (टीआयएफआर) मोठा वाटा आहे. यंत्रासाठी पैसे मिळतात. त्यातून येणारा विदा (डेटा) वाचणाऱ्या मुलांचे हाल मात्र मी जवळून पाहिले आहेत. माझी एक विद्यार्थिनी याच विषयावर पीएचडी करत होती. तिची फेलोशिप आठ महिने अडकली. घरभाडे थकले, वडिलांपुढे हात पसरावा लागला, आणि शेवटी तिने पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी धरली. चूक तिची नव्हती.

फेलोशिप पगारासारखी दर महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यात जमा व्हावी. पीएचडीनंतर सैद्धांतिक कामासाठी सलग पाच वर्षांच्या जागा द्याव्यात, कारण हे मोजमाप दोन वर्षांत आटपणारे नाही.

ती मुलगी अजूनही रात्री नवे शोधनिबंध वाचते, मला पाठवते. जागा निघाली तर परत येईन म्हणते.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सांगली