कृत्रिम पायाच्या वाटपानंतरचे वर्ष

महोदय,

कृत्रिम पायांच्या वाटपाच्या बातमीत किती पाय वाटले याचा आकडा ठळकपणे दिलेला असतो. त्यांपैकी किती पाय वर्षभरानंतर वापरात राहिले, याचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. माझा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, त्याला आता नऊ वर्षे झाली, आणि मला हा दुसरा आकडाच अधिक महत्त्वाचा वाटतो.

शस्त्रक्रियेनंतर उरलेला पाय, ज्याला आम्ही सगळे स्टंप म्हणतो, सुरुवातीला सुजलेला असतो आणि त्याचा घेर साधारणपणे 12 ते 18 महिने कमी होत राहतो, त्यामुळे पहिल्या दिवशी नेमके बसलेले सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा स्टंप ज्यात बसतो तो वाटीसारखा भाग, काही महिन्यांतच सैल पडते. ती पोकळी मी मोज्यांनी भरत असे. सकाळी एक मोजा, दुपारी दोन, संध्याकाळी तीन. तरीही स्टंप आत घसरून हाडाचे टोक तळाला टेकू लागले, कातडी सोलवटली आणि नवे सॉकेट मिळेपर्यंत मी पुन्हा कुबड्यांवर आलो. जिद्द कमी पडली, असे अनेकांना वाटले (आमच्या जिद्दीवर लोकांचा फार भरवसा असतो). प्रत्यक्षात पुन्हा माप घेण्याची तारीखच मला कोणी दिली नव्हती. मधुमेहामुळे ज्यांची संवेदना कमी झालेली असते, त्यांना तर असे सोलवटणे जखम चिघळेपर्यंत कळतही नाही.

पाय बसवण्याआधीचे आठवडेही असेच दुर्लक्षित राहतात. घरच्यांनी मायेने माझ्या गुडघ्याखाली उशी ठेवली होती. तसे केल्याने गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडतो, आणि आखडलेल्या गुडघ्यावर चालणे कठीण होते, हे फिजिओथेरपिस्टने येऊन उशी काढून टाकली तेव्हा आम्हाला समजले. नसलेल्या पायाच्या अंगठ्यात रात्री उठणारी कळ हा भ्रम किंवा वेडेपणा नसून अनेकांना होणारा त्रास आहे, एवढे जरी कोणी आधी सांगितले असते, तरी ती लपवण्यात माझे कित्येक दिवस गेले नसते.

म्हणून वाटपाच्या दिवशीच पुढील तपासण्यांच्या तारखा हातात द्याव्यात आणि पहिल्या सॉकेट-बदलाचा खर्च मूळ खर्चातच धरावा, अशी आयोजकांना विनंती आहे. आपल्या बातमीदारांनीही वर्षभराने त्याच यादीतील माणसांच्या घरी जाऊन दिलेला पाय वापरात आहे की खाटेखाली पडला आहे, एवढे पाहावे.

आपला,
एक वाचक