‘सगळ्यात भारी’ असं बटण का नको: मित्रास पत्र

आर्वी, जि. वर्धा

प्रिय मित्रा,

माझ्या टेरारियाच्या मॉडबद्दल (खेळातल्या पेट्यांतल्या वस्तू शोधायला मी खेळाला वरून जोडलेला प्रोग्राम) तुझा प्रश्न मेसेजमध्ये मावणारा नव्हता, म्हणून हे सविस्तर पत्र. तू लिहिलंस, ‘एवढं सर्च केलं, फिल्टर केलं, तर एक ‘सगळ्यात भारी’ असं बटण पण देऊन टाक ना बे. दाबलं की सगळ्यात चांगलं हत्यार वर.’ ते बटण मी देणार नाही. का नाही, ते तुला नीट पटवून द्यायचं आहे, कारण या मॉडची गरज आपल्या दोघांच्याच जगात निर्माण झाली. बॉसशी, म्हणजे मोठ्या शत्रूशी, लढायच्या आधी तू प्रत्येक पेटी उघडून बघायचास आणि मी तुझ्या मागे मशाली लावत फिरायचो, ते आठवत असेलच.

घरचं आधी सांगतो. सीतादही (कापूस वेचायच्या आधीची पूजा) झाली, पहिला वेचा घरात आला. मजूर मिळायची मारामार आहे, ती दरवर्षीचीच. बाबा रात्रीची लाइन आली की हरभऱ्याच्या ओलिताला जातात. मी दिवसा जिनिंगवर असतो आणि रात्री लॅपटॉपवर.

आता मॉडकडे येतो. टेरारिया १६ मे २०११ ला आला आणि तेव्हापासून फुगतच गेला. आज मूळ खेळातच पाच हजारांवर वस्तू आहेत. त्यावर टीमॉडलोडर या मॉड चालवायच्या साधनातून कॅलॅमिटीसारखं मोठं मॉड चढवलं की विचारूच नको. एका पेटीत ४० खाने, आणि आपल्या तळावर पेट्यांची भिंत. नावाने शोधायची सोय बऱ्याच मॉडमध्ये आहे. मॅजिक स्टोरेज तू वापरलंच आहेस, आणि रेसिपी ब्राउझरची वस्तूंची यादीही चांगली आहे. पण मला हवं होतं ते असं: आपल्याच पेट्यांमध्ये पडलेल्या वस्तूंपैकी डॅमेज (एका वाराचा मार) ४० च्या वर, वापराच्या फ्रेम्स (एका वाराला लागणारा वेळ) २० च्या आत, ‘मेली’ म्हणजे जवळून वार करायचं हत्यार, एवढंच दाखव. नाव मला माहीतच नाही, म्हणून तर शोधतोय!

खेळ आपल्याला आकडे पुरते दाखवत नाही, तिथून खरी गोष्ट सुरू होते. टूलटिपमध्ये, म्हणजे वस्तूवर कर्सर नेल्यावर येणाऱ्या माहितीत, हत्याराच्या वेगाबद्दल फक्त शब्द येतो. ‘व्हेरी फास्ट’ म्हणजे ९ ते २० फ्रेम्स. सेकंदाला ६० फ्रेम्स धर. २० फ्रेम्सचं हत्यार सेकंदाला ३ वार करतं, ९ फ्रेम्सचं साडेसहाच्या वर. दुपटीहून जास्त फरक, आणि दोघांवर शब्द एकच! हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा किती चिडलो होतो मी. म्हणून माझ्या फिल्टरमध्ये शब्द नाहीतच, सरळ फ्रेम्सचा आकडा आहे.

मग तू म्हणशील, डॅमेजला वेगाने गुणायचं आणि उतरत्या क्रमाने लावायचं, झालं ‘सगळ्यात भारी’. इथंच घोळ आहे. समजा एका हत्याराचं डॅमेज १२, फ्रेम्स १०. सेकंदाला ६ वार, म्हणजे ७२. दुसऱ्याचं डॅमेज ३६, फ्रेम्स ३०. सेकंदाला २ वार, म्हणजे तेही ७२. तुझं बटण सांगेल, दोन्ही सारखीच. आता समोर १६ डिफेन्सचा शत्रू उभा कर. शत्रूच्या डिफेन्सचा निम्मा आकडा प्रत्येक वारातून वजा होतो, म्हणजे दर वारामागे ८ गेले. पहिल्या हत्याराचे उरले ४ गुणिले ६, चोवीस. दुसऱ्याचे २८ गुणिले २, छप्पन्न. कागदावर बरोबरीची हत्यारं, मैदानात दुपटीहून जास्त फरक. शत्रू कोण, हे त्या बटणाला कुठून माहीत असणार?

मिनीशार्क घे. खेळातल्या आर्म्स डीलर या दुकानदाराकडून ३५ सोन्याच्या नाण्यांत घेतलेली ती बंदूक तुझी किती लाडकी होती! तिचं स्वतःचं डॅमेज अवघं ६. ‘डॅमेज १० च्या वर’ असा फिल्टर लावला की ती गायब. पण बंदुकीच्या डॅमेजमध्ये गोळीचं डॅमेज मिळवलं जातं. साधी मस्केट बॉल ७ ची, म्हणजे झाले १३, आणि फ्रेम्स फक्त ८. म्हणून गोळ्या लागणाऱ्या हत्यारांसाठी मी वेगळा खाना ठेवलाय. तुझ्याकडे त्या वेळी जी गोळी असेल तिच्यासकट आकडा तिथे दिसतो.

समनरच्या (लढायला प्राणी बोलावणाऱ्याच्या) काठ्यांचं तर गणितच लागत नाही. त्यांच्या फ्रेम्स म्हणजे प्राणी बोलावायला लागणारा वेळ. तो प्राणी पुढे किती वेगाने चावतो त्याचा या आकड्याशी काही संबंध नाही. त्या काठीला डॅमेज गुणिले वेग करून रांगेत बसवणं म्हणजे वापरणाऱ्याला चक्क खोटं सांगणं. मी तिथे वेगाचा खाना रिकामा ठेवतो. रिकामा खाना बघून माणूस विचार तरी करेल.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते अॅक्सेसरींनी, म्हणजे अंगावर घालायच्या जोडवस्तूंनी. तलवारीचं डॅमेज, चिलखताचा डिफेन्स, हे वस्तूच्या आत आकडे म्हणून लिहिलेले असतात, ते वाचता येतात. पण वॉरियर एम्ब्लेम जे मेली डॅमेज १५ टक्क्यांनी वाढवतं, तो १५ वस्तूत आकडा म्हणून कुठेच नाही. ते अंगावर घातल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये आहे. बाहेरून दिसतं ते फक्त टूलटिपचं वाक्य. मग मी टूलटिपच्या ओळीतून टक्के आणि त्यापुढचे शब्द वेचून काढतो. मूळ खेळातल्या अॅक्सेसरींना हे बऱ्यापैकी लागू पडतं. दुसऱ्यांच्या मॉडमध्ये प्रत्येकाची वाक्यरचना वेगळी, तिथे अजून बरंच काम पडलं आहे. चिलखताच्या पूर्ण सेटचा बोनसही असाच, सुट्या तुकड्यात तो मोजता येत नाही.

आणखी एक तुझ्या कामाचं. शोध वस्तूच्या जातीवर चालवायचा नाही, तुझ्या पेटीतल्या त्या एका नगावर चालवायचा. एकाच नावाच्या दोन तलवारी असतात, पण गोब्लिन टिंकरर या खेळातल्या कारागिराकडून एकीवर ‘लेजेंडरी’ हा वाढीव गुण बसलेला असतो. म्हणजे डॅमेज १५ टक्के जास्त, वेग १० टक्के जास्त, क्रिटिकल (दुप्पट वाराची शक्यता) ५ ने वर. यादीत त्या दोन वेगळ्या ओळी म्हणूनच यायला हव्यात. बरेच जण नेमकं हेच सोडून देतात, आणि मग खेळणारा चांगली तलवार विकून बसतो.

आमच्या जिनिंगवर कापसाची गाडी आली की ओलावा वेगळा बघतात, धाग्याची लांबी वेगळी, मायक्रोनेअर (धाग्याचा बारीकपणा नि पक्वता) वेगळं. सरकारी कापूस महामंडळाचा, सीसीआयचा, हिशोबही तसाच: ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, १२ पर्यंत कपात करून खरेदी. लांबी आणि ओलावा यांची बेरीज करून कापसाला एकच मार्क देणारा माणूस मी अजून पाहिला नाही. ज्याला जे सूत काढायचंय तो त्या आकड्याकडे बघतो. माझ्या मॉडमध्ये मी तेच धरून बसलोय. अटी तू घाल, त्या अटींत बसणारं सगळं मी दाखवतो, आणि कोणत्याही खान्यावर क्लिक करून तू क्रम लाव. निवड खेळणाऱ्याची. ती त्याच्या हातून काढून घेतली तर टेरारियात उरतं काय? आपण दोघं तासन्तास भांडलो ते याच निवडीवरून ना, धनुष्य की भाला म्हणून! ती भांडणं मला फार प्रिय आहेत.

एक गोष्ट मात्र तुझ्या बोलण्यावरून घेतली. फिल्टर लावल्यावर यादी एकदम रिकामी झाली की माणूस बावचळतो. म्हणून आता खाली एक ओळ येते: कोणत्या अटीमुळे किती वस्तू गळल्या. ती अट तिथल्या तिथे सैल करता येते. हे तू सुचवलंस, आणि त्याने मॉडचं रूपच पालटलं.

आता काम सांगतो. एकट्याने खेळताना सगळ्या पेट्या मेमरीतच असतात, शोध चटकन होतो. दोघांनी खेळताना तसं नाही. पेटी उघडेपर्यंत आत काय आहे ते सर्व्हर आपल्या मशीनला कळवतच नाही. त्यामुळे मॉडने सर्व्हरला विचारायचं, सर्व्हरने पेट्या चाळायच्या, आणि अटींत बसलेल्या वस्तूच परत पाठवायच्या. तो भाग लिहून झालाय, पण इथल्या नेटवर त्याची खरी परीक्षा होत नाही. कधी मोबाइलची रेंज जाते, कधी लाइन. तुझ्याकडे पुण्याला फायबर आहे. सर्व्हर तू उभा कर, आपलं जुनं जग त्यावर चढव, कॅलॅमिटी चालू ठेव. मी इथून जोडतो. शोधाला उत्तर यायला किती वेळ लागतो आणि तेवढ्यात खेळ अडखळतो का, या दोन गोष्टी बघायच्या आहेत. फाइल सोबत पाठवतोय. सी शार्पचा कोड तुला वाचता येतो, तेव्हा सर्व्हरच्या बाजूचा भाग आधी वाच आणि जिथे खटकेल तिथे बिनधास्त खरड.

शनिवारी रात्री जमेल का ते कळव. त्या दिवशी ओलीत नाही, मी मोकळा आहे. आणि धनुष्य घेऊनच येशील हे मला माहीत आहे. मी भाला घेऊन येतोय.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
आर्वीवाला