सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना सोलापुरातून खुलं पत्र : अनुदान नको, नळ असलेली एक अंधारी खोली द्या

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

सोलापूरहून लिहितोय. आम्ही इथले काही जण मिळून फिल्मवर सिनेमे करतो, म्हणजे खरोखरच्या फिल्मवर, सुपर एट आणि १६ एमएम, जी रिळाला गुंडाळलेली असते, कडेला भोकं असतात आणि शूटिंग झाल्यावर चित्र दिसण्यासाठी जी केमिकलमध्ये धुवावी लागते ती. आमच्यात पूर्वी लग्नाचे फोटो काढणारे एक काका आहेत, यंत्रमागावर काम करणारा एक पोरगा आहे, शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई आहेत, कॉलेजच्या दोघी-तिघी आहेत. कुणाचाच सिनेमा थेटरात लागत नाही. त्यात स्टोरी नसते, हिरो नसतो, बऱ्याचदा आवाजही नसतो, आणि सगळं तीन-साडेतीन मिनिटांत संपतं, कारण सुपर एटचं एक कार्ट्रिज ५० फुटांचं येतं आणि सेकंदाला १८ फ्रेमच्या (म्हणजे चित्रांच्या) स्पीडनं चालवलं तरी ३ मिनिटं २० सेकंदच पुरतं.

मागणं आधीच सांगतो. सोलापुरात आम्हाला एक खोली पाहिजे. पाण्याचा नळ, मोरी, एक्झॉस्ट फॅन, आणि दार लावलं की मिट्ट अंधार. अनुदान नको, पुरस्कार नको, उद्घाटनाला कोनशिला नको.

आणि अशा खोल्या सरकारकडंच पडून आहेत साहेब. एक्स-रे डिजिटल व्हायच्या आधी सरकारी दवाखान्यात डार्करूम असायची, एक्स-रेची फिल्म तिथंच धुवायचे. टाक्या, हँगर, लाल बल्ब, आणि माणूस आत-बाहेर केला तरी उजेड आत शिरणार नाही अशी एंट्री. आता एक्स-रे कॉम्प्युटरवर दिसतो, ते चांगलंच झालं, पेशंटला थांबावं लागत नाही. पण त्या खोल्यांत आता कुठं खोके भरलेत, कुठं मोडक्या खुर्च्या टाकल्यात, कुठं नुसतं कुलूप आहे. आम्ही अशी एक खोली आत जाऊन बघितलीय, कुठली ते लिहीत नाही कारण तिथल्या कर्मचाऱ्यांनी आपुलकीनं उघडून दाखवली, उगाच त्यांना त्रास नको. नळ चालू होता, मोरी तुंबलेली नव्हती, भिंतीवरचा टायमर सुद्धा जागेवर होता. आरोग्य खातं तुमच्याकडं नाही हे माहीत आहे, पण एका खात्याचं पत्र दुसऱ्या खात्याला जातं तेव्हाच काम हलतं, आमच्यासारख्यांचा अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहतो आणि शेवटी "हे आमच्या कक्षेत येत नाही" असा शेरा मारून परत येतो, तसा तो आलेला आहे.

आत्ता आम्ही फिल्म कुठं धुतो ते सांगतो. काकांच्या घरातल्या बाथरूममध्ये, रात्री, घरच्यांची जेवणं झाल्यावर. खिडकीला दुहेरी काळं कापड, दाराच्या फटीत चादर कोंबायची. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे तुम्हाला सांगायला नको, त्यामुळं फिल्म कधी धुवायची ते पाण्यावर ठरतं, ग्रुपवर मेसेज पडतो की आज पाणी आलंय आणि मग ज्याचं रीळ आधी शूट झालंय त्याचा नंबर. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं केमिकल, इथं सहज मिळत नाही म्हणून आम्ही कॉफीत धुतो, हे वाचून कुणाला पटत नाही पण हे खरं केमिस्ट्रीतलं आहे, १९९५ मध्ये अमेरिकेत रोचेस्टरच्या इन्स्टिट्यूटमध्ये एका वर्गानं ही पद्धत काढली आणि आज जगभर लोक वापरतात. एक लिटर पाण्याला ४० ग्रॅम इन्स्टंट कॉफी, ५४ ग्रॅम धुण्याचा सोडा, १६ ग्रॅम व्हिटॅमिन सी. किराणा दुकान आणि मेडिकल, दोन ठिकाणी सगळं मिळतं. वास भयानक येतो, पण चित्र येतं.

अडचण होते ती उन्हाळ्यात. हे सगळं २० डिग्रीला धरून आहे आणि आपल्याकडं मार्च संपला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. गरम पाण्यात फिल्म भसकन काळी होते आणि वरचा जिलेटिनचा थर इतका मऊ पडतो की नुसतं नख लागलं तरी निघून येतो. म्हणून बादलीभोवती बर्फ, दिवा घालवायच्या आधी थर्मामीटर धरून एक जण बसलेला, मग घड्याळ बघता येत नाही म्हणून दाराबाहेरून दुसरा मिनिटं ओरडून सांगतोय, आतला माणूस अंधारात ३० मीटर ओली फिल्म बोटांनी हलवत राहतो, कारण ती एकमेकीला चिकटली की तिथं डाग पडतो. कॅमेऱ्यात वापरायच्या फिल्मला लाल बल्ब पण चालत नाही, पूर्ण काळोख लागतो. मग हायपो, म्हणजे उमटलेलं चित्र पक्कं करणारं केमिकल. हायपोत पडून ठरलेली मिनिटं भरल्याशिवाय काका दिव्याच्या बटणाला हात लावू देत नाहीत. आणि एवढं करून ती वाळत घालायला जागा नाही, गच्चीवर दोरीला टाकली तर धूळ बसते, घरात टाकली तर सकाळी घरच्यांना वावरता येत नाही.

मेमध्ये आम्ही काम बंदच ठेवतो. म्हणजे ज्या सुट्टीत पोरांना वेळ असतो नेमक्या त्याच दिवसांत.

आता प्रश्न येणार की मोबाईलमध्ये फोर के आहे तर ही उठाठेव कशाला. यंत्रमागावरच्या पोराचं सांगतो. त्यानं कॅमेरा न वापरता एक सिनेमा केला. कारखान्यात चादरीच्या मागाखाली जे तुटके धागे पडतात ते गोळा करून आणले आणि पारदर्शक १६ एमएम फिल्मवर टेपनं चिकटवले, एकेक फ्रेम करत, १६ एमएममध्ये एका फुटात ४० फ्रेम असतात म्हणजे किती चिकाटी लागली असेल बघा. ती पट्टी प्रोजेक्टरमधून चालवली तर भिंतभर लाल-हिरवा धागा धावायला लागला, त्याचा पीळ दिसतो, त्याची लव दिसते, जिथं तुटलाय तिथलं टोक विस्कटलेलं दिसतं. तो म्हणाला जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या, पुठ्ठ्याला भोकं असतात तशीच फिल्मला आहेत, दोन्हीकडं भोकांच्या जोरावरच डिझाइन पुढं सरकतं. त्या दिवशी बघायला कारखान्यातले कामगार आले होते, मराठी बोलणारे, तेलुगू बोलणारे, आणि कुणीही याचा अर्थ काय असं विचारलं नाही, सूत किती काउंटचं, म्हणजे किती बारीक-जाड आहे यावरच वाद झाला आणि पुन्हा लाव बे म्हणून तीनदा चालवायला लावलं. आयुष्यभर ज्या वस्तूत हात घातले ती वस्तू त्यांनी पहिल्यांदा एवढी मोठी बघितली. हे मोबाईलवर झालं नसतं, कारण मोबाईलवर धागा चिकटवता येत नाही. आमचं एवढंच म्हणणं आहे की ज्याला हात लावता येतो असा सिनेमा पण असला पाहिजे, आणि तो करायला पुण्या-मुंबईला जायची सक्ती नसावी.

आपल्या राज्यात हे नवीन आहे असंही नाही. गोरेगावच्या चित्रनगरीला ज्यांचं नाव दिलंय त्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली, कथापट काढायच्या आधी, काय शूट केलं? कुंडीतला वाटाणा. रोज थोडी थोडी फिल्म खर्च करत, बी रुजून वेल कसा होतो ते. तो प्रयोगच होता, आणि ती फिल्म बघून त्यांना पुढचे पैसे मिळाले. कच्च्या फिल्मला तेव्हा भोकं नसायची, ती सरस्वतीबाई फाळके अंधारात बसून पाडायच्या, फिल्म धुवायचं काम पण त्या घरातच शिकल्या. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या फिल्म लॅबपैकी एक मराठी घरात होती आणि ती चालवण्यात एका बाईचा मोठा वाटा होता, हे प्रत्येक भाषणात यायला पाहिजे खरं तर. कोल्हापुरात मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी तर कॅमेराच घरी बनवला.

सरकारनं अशा कामाला पूर्वी पैसे दिलेले आहेत. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये, जी केंद्र सरकारची होती, साठच्या दशकात प्रमोद पतींसारखी दिग्दर्शक माणसं पगारावर असताना अत्यंत धाडसी प्रायोगिक शॉर्टफिल्म करत होती. १९६९ मध्ये चित्रकार अकबर पदमसींना नेहरू फेलोशिप मिळाली, त्यांनी ते पैसे स्वतःसाठी न ठेवता मुंबईत एक वर्कशॉप उघडलं, चित्रकार आणि कॅमेरावाले एकत्र येऊन तिथं फिल्म करायचे, चित्रकार नलिनी मलानींनी तरुणपणी तिथंच फिल्मवर काम केलं. ते फार वर्षं टिकलं नाही. पदमसींनी केलेल्या दोन सिनेमांपैकी एकाची एकुलती एक प्रिंट हरवली ती गेलीच. बाहेरचं बघायचं तर कॅनडाच्या सरकारी फिल्म बोर्डात नॉर्मन मॅक्लॅरन १९४१ पासून नोकरीला होता आणि फिल्मवर थेट पेननं चित्रं काढायचा, सरकारी पगारावर.

पण सगळ्यात जवळचं उदाहरण छबिलदासचं आहे. दादरच्या छबिलदास शाळेचा हॉल १९७४ मध्ये आविष्कार या नाट्यसंस्थेला मिळाला आणि तिथून प्रायोगिक नाटकाची पुढची कितीतरी वर्षं घडली. तिथं काय होतं? एसी नव्हता, धड स्टेज नव्हतं. जागा होती आणि भाडं परवडत होतं. नाटकाला हॉल लागतो तशी फिल्मला मोरी लागते, बाकी हिशोब तोच.

परदेशात आता कलाकारांनीच चालवलेल्या अशा लॅब झाल्यात, मोठ्या कंपन्यांच्या लॅब डिजिटलमुळं बंद पडल्या तेव्हा यांनी त्यांची मशीन उचलून आणली. पॅरिसजवळची लाबोमिनाब्ल १९९६ मध्ये एका तळघरात सुरू झाली, अजून चालू आहे. आपल्याला जास्त लागू पडेल असं जकार्ताचं बघा, तिथल्या सरकारी फिल्म कंपनीची बंद पडलेली लॅब २०१४ च्या सुमारास तरुण पोरांनी आत शिरून झाडून-पुसून काढली, मशीन चालू केली, आणि तिथंच फिल्म धुवायला लागली. इमारत सरकारची, मेहनत पोरांची. आम्ही नेमकं हेच म्हणतोय.

दुसरी एक गोष्ट, तिला मात्र घाई आहे. सरकारी खात्यांकडं १६ एमएमचे प्रोजेक्टर होते, गावोगाव पडदा लावून कुटुंब नियोजनाच्या, शेतीच्या डॉक्युमेंटरी दाखवायचे ते. आता डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे ऑफिसातल्या सामानाच्या वहीत, नुसती नोंद राहिलीय आणि निर्लेखन झालं, म्हणजे ती नोंद खोडली, की लिलावात किलोच्या भावानं जातात. आमच्या जिल्ह्यातल्या एका ऑफिसातले असे प्रोजेक्टर गेले ते आम्हाला नंतर कळलं, पळत भंगारवाल्याकडं गेलो तोवर लेन्स एकीकडं, मोटर दुसरीकडं आणि बॉडी फोडलेली. जुनी रिळं तर त्याहून वाईट, काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते म्हणून ती काढून घेण्यासाठी फिल्म संपवतात. अशा मशीनचे पार्ट आता नवीन बनत नाहीत. उटीचा हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कारखाना, १९६० साली सरकारनंच काढलेला, इंदू नावानं फिल्म विकायचा, तोही बंद झाला, आज आम्ही जी फिल्म मागवतो ती अमेरिकेतून नाहीतर झेक देशातून येते. जे देशात उरलंय ते तरी फोडू नका. राज्यातल्या सगळ्या खात्यांना एक परिपत्रक जाऊ द्या की फिल्मचा कॅमेरा, प्रोजेक्टर, रिळं, स्प्लायसर (फिल्म जोडायचं यंत्र), डार्करूमचं सामान निर्लेखित करण्याआधी तुमच्या खात्याला कळवायचं. यात सरकारचा पैसाही जात नाही.

केमिकलचं काय, असं फाईलवर कुणीतरी लिहिणारच. बरोबर आहे, लिहावंच. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, ती गटारात सोडणं चूक आहे, आम्ही आत्ता कॅनमध्ये साठवतो आणि चांदी काढणाऱ्याला देतो, पण घरात किती कॅन ठेवणार. रिव्हर्सलसाठी, म्हणजे निगेटिव्हऐवजी थेट सरळ चित्र मिळवण्यासाठी, पोटॅशियम परमँगनेट आणि सल्फ्युरिक ॲसिड लागतं, ते लहान पोरं वावरतात त्या घरात ठेवायला भीती वाटते म्हणून आम्ही ती प्रोसेस करतच नाही. खोली मिळाली तर कुलूपबंद कपाट असेल, नोंदवही असेल, हातमोजे-चष्मा घातल्याशिवाय कुणी आत येणार नाही. सोलापुरात सूत रंगवणाऱ्यांची पिढ्यान् पिढ्या केमिकलशी गाठ आहे, शिकवणारी माणसं गल्लीत आहेत.

लाइटबिल आम्ही वर्गणी काढून भरू. खोली शनिवार-रविवार कुणालाही उघडी राहील, शाळेच्या पोरांना मोफत. जिल्ह्यात कुणाच्या घरी वडिलांनी-आजोबांनी काढलेली ८ एमएमची रिळं असतील, डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती फिल्म सडायला लागलीय असं समजायचं, ती आम्ही साफ करून स्कॅन होण्याजोगी करून देऊ, पैसे न घेता. जेऊरच्या नागराज मंजुळेंमुळं आपला जिल्हा सिनेमात सगळ्यांना माहीत झालाय, इथल्या पोरांना आता सिनेमा म्हणजे लांबची गोष्ट वाटत नाही, त्यातल्या एखाद्याला मोठा पडदा नको असेल, नुसता धागा चिकटवायचा असेल, तर त्यालाही कुठंतरी बसता यावं.

साहेब, उत्तर हो असेल तर आरोग्य खात्याला जाणाऱ्या पत्राची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात पाठवा, पुढचा पाठपुरावा आम्ही करू. नाही असेल तरी लेखी कळवा, कारण मग आम्ही महापालिकेकडं बंद पडलेल्या शाळेची खोली मागणार आहोत आणि तिथं पहिलाच प्रश्न असणार की सांस्कृतिक खात्याचं काय म्हणणं आहे.

आपले,
सोलापुरात फिल्म धुणारे आम्ही सगळे