झुंजारने २०५७ पर्यंत थांबायचे का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा आमच्या रद्दीवाल्याच्या तराजूत बाबूराव अर्नाळकरांची एक झुंजारकथा सापडली. लायब्ररीचा जांभळा शिक्का, पाठीला दाभणाने घातलेले टाके, आणि पान उलटावे तर कोपरा चिमटीतच राहतो. दहा रुपयांत मिळाली. जमवणारे लोक अशा प्रतीला किती मोजतात हे त्याला अजून कळलेले नाही. कृपया कुणी सांगू नये.

अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू या त्यांच्या नायकांच्या नादाने कितीतरी घरांत वाचनाची सवय लागली. आज दुकानात विचारले तर फार तर एखादे निवडक संकलन दाखवतात. हा ‘निवडक’ शब्दच मला खटकतो. चार कथा जाड पुठ्ठ्यात बांधल्या, वर भारदस्त प्रस्तावना चढवली की त्याचा ग्रंथ होतो, आणि ग्रंथ कपाटात जातो. आम्हाला हवी आहेत ती डोंबिवलीला उघडली की व्हीटी यायच्या आत संपणारी, खिशात मावणारी पेपरबॅक पुस्तके. ओळीने, एकामागून एक.

एका प्रकाशकांना गाठून विचारले. म्हणाले, मागणी नाही, शिवाय हक्कांचा घोळ. मागणीचे मला पटत नाही. भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांची पुस्तकेही मध्यंतरी मिळेनाशी झाली होती. नव्या आवृत्त्या आल्या आणि ज्यांनी धारपांचे नावही ऐकले नव्हते ती पोरे आज ती वाचताहेत.

हक्कांची अडचण मात्र खरी आहे. आपल्या कायद्यात लेखक गेल्यावर, पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. नाथमाधव १९२८ साली गेले, म्हणून त्यांची ‘वीरधवल’ कादंबरी आज कुणीही छापू शकतो. अर्नाळकर गेले १९९६ साली. म्हणजे २०५६ संपेपर्यंत परवानगीवाचून कुणालाच हात लावता येणार नाही. वारसांना डावलावे असे मी म्हणत नाही, त्यांचे मानधन त्यांना मिळालेच पाहिजे. पण त्यांच्याशी बोलणी करायला कुणीतरी उठून जायला तर हवे!

कारण कागद तोवर थांबणार नाही. ही पुस्तके स्वस्त लगद्याच्या कागदावर छापलेली. त्यातले लाकडाचे अंश उजेडाने, हवेने पिवळे पडतात, आम्ल धरते आणि पान पापडासारखे मोडते. ग्रंथालये तरी काय करणार? जीर्ण प्रतींचे निर्लेखन होते, म्हणजे त्या नोंदीतून काढून टाकतात, आणि गठ्ठा रद्दीत जातो. २०५७ उजाडेल तेव्हा छापायला मोकळीक असेल, पण समोर ठेवायला प्रत नसेल.

आता हजार प्रती छापून गोदामात ठेवायची सक्तीही राहिलेली नाही. मागणी येईल तशा पन्नास-शंभर काढता येतात. कुणी प्रकाशक वारसांच्या संमतीने हे काम अंगावर घेणार असेल तर माझ्याकडची ४३ पुस्तके स्कॅनिंगसाठी फुकट देईन. परत मात्र हवीत, मुखपृष्ठांसकट. त्यांपैकी पाचांचा शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटच्या पानांचा जुडगा, गळालेला आहे. खुनी कोण हे ज्यांना ठाऊक असेल त्यांनी आपली प्रत घेऊन यावे.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली