वंशावळीत बहुमत चालत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला वंशावळ शोधण्यावरचा लेख आवडीने वाचला. त्यातला एक सल्ला मात्र अजिबात पटला नाही. जुन्या नोंदी एकमेकींशी जुळत नसतील, तर इंटरनेटवरच्या वंशवृक्षांत जे नाव सर्वांत जास्त वेळा दिसते ते खरे धरावे, असे लेखक सुचवतात. मी कॅनडात माँक्टनला राहते. माझी सून इथल्या अकेडियन घराण्यातली आहे. नातवंडांसाठी तिच्या माहेरची वंशावळ लावायला घेतली, तेव्हा या सल्ल्यात किती धोका आहे ते मी जवळून पाहिले.

अकेडियन म्हणजे सतराव्या शतकात फ्रान्समधून येऊन आजच्या नोव्हा स्कॉशियाच्या आसपास शेती करू लागलेले लोक. १७१३ च्या तहाने तो मुलूख ब्रिटिशांकडे गेला आणि १७५५ पासून या लोकांना घरादारातून उठवून जहाजांवर चढवले गेले. कुणी मॅसॅच्युसेट्सला, कुणी मेरीलँडला उतरले. काहींना व्हर्जिनियाने ठेवून घेतले नाही, म्हणून ते इंग्लंडला आणि १७६३ मध्ये फ्रान्सला पोचले. माणसांबरोबर दप्तरेही पांगली. पोर्ट रॉयल या अकेडियन गावातल्या चर्चची १७०२ पासूनची नोंदवही नोव्हा स्कॉशियातच राहिली, पण ग्राँ-प्रे या दुसऱ्या गावाची दप्तरे विस्थापितांसोबत फिरत थेट लुइझियानात, बॅटन रूजला गेली.

सुनेच्या कुळाचा मूळ पुरुष जाँ ब्लाँशार. त्याच्याविषयी फारसा वाद नाही. वाद आहे तो त्याच्या बायकोविषयी.

१६७१ मध्ये पाद्री लोराँ मोलें यांनी पोर्ट रॉयलची घरे फिरून खानेसुमारी केली. वसाहतीत तेव्हा जेमतेम ४०० माणसे होती. त्या यादीत जाँ ब्लाँशार ६० वर्षांचा आणि बायको राडगोंद लाँबेर ४२ वर्षांची आहे. १६८६ च्या खानेसुमारीत तो ७५ आणि ती ६५. नवऱ्याचे वय बरोबर १५ वर्षांनी वाढले, बायकोचे २३ वर्षांनी. मग तिचा जन्म १६२९ चा की १६२१ चा? थोरली मुलगी मादलेन १६७१ मध्ये २८ वर्षांची होती. आईचे ४२ हे वय खरे मानले, तर ती चौदाव्या वर्षी आई झाली असे म्हणावे लागते. म्हणून मी १६२१ च्या बाजूची आहे. तिथे कुणी जन्मदाखला मागत नव्हते, सांगतील ते वय लिहिले जाई. पिएर मेलाँसों नावाच्या गृहस्थाने तर पाद्रीबाबांना उत्तर द्यायलाच नकार दिला होता. पण नावाचे तसे नाही. फ्रेंच रिवाजाप्रमाणे बायकांची नावे माहेरच्या आडनावाने लिहिली जात आणि राडगोंद लाँबेर हे नाव १५ वर्षांच्या अंतराने, वेगवेगळ्या माणसांनी केलेल्या दोन्ही याद्यांत आहे.

आता तिसरा कागद. इंग्लंडमार्गे फ्रान्सला आलेल्या ७८ अकेडियन कुटुंबांना ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळच्या बेल-ईल बेटावर वसवले होते. मूळ दप्तरे हाती नसल्यामुळे १७६७ मध्ये या कुटुंबप्रमुखांकडून शपथेवर वंशावळी लिहून घेतल्या. त्यात ब्लाँशारांच्या वंशजांनी सांगितले, की जाँ ब्लाँशार फ्रान्सहून बायकोसह आला आणि तिचे नाव युगेत प्वारिए. शपथेवरची जबानी, तीही घरच्याच माणसांची! साहजिकच पुष्कळ वंशवृक्षांनी ती उचलली.

हा गुंता माँक्टन विद्यापीठातील वंशावळ अभ्यासक स्टीव्हन व्हाइट यांनी उकलला आहे. जाँचा मुलगा गियोम याची बायको युगेत गूझों. तिच्या आईचे आधीचे लग्न जाँ प्वारिए याच्याशी झालेले. सुनेचे नाव आणि सुनेच्या आईच्या पहिल्या नवऱ्याचे आडनाव मिळून सासूच्या नावावर चढले असावे, असे ते म्हणतात. जबानी देणाऱ्यांनी खोटे सांगितले असे मला मुळीच वाटत नाही. देश गेला, कागद गेले, आणि पणजोबा-खापरपणजोबांची नावे आठवून सांगायची होती. त्यांना इतके आठवले हेच मोठे. तरीही नावापुरती मी खानेसुमारीच खरी मानते, कारण ती होताना राडगोंद त्या घरात होती.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक. आज असंख्य वंशवृक्षांत राडगोंद ही मिकमॅक, म्हणजे इथल्या मूळनिवासी समाजातली, किंवा निदान मिकमॅक आईची मुलगी म्हणून दाखवलेली आहे. बहुमत मोजायचे तर हीच बाजू जड भरेल. आमच्या विहीणबाईंची त्यावर श्रद्धा आहे आणि त्यामागची भावना मला कळते. ज्या मातीतून पूर्वजांना हाकलले, तिच्याशी त्याहून जुने नाते असावे असे कुणाला वाटणार नाही? पण आईकडून मुलीकडे जाणाऱ्या डीएनएची चाचणी राडगोंदच्या मुलींच्या अखंड स्त्रीवंशातल्या बायकांनी करून घेतली आहे. तिचा डीएनए-गट एक्स२बी निघाला. तो युरोपीय आहे. एक्स गटाची एक्स२ए ही दुसरी शाखा मूळ अमेरिकनांत सापडते, त्यामुळे नुसते ‘एक्स’ वाचून गैरसमज होऊ शकतो. विहीणबाई स्वतःची चाचणी करणार होत्या. त्यांचे कूळ गियोमकडून, म्हणजे मुलाकडून आलेले असल्याने त्यांच्या चाचणीतून राडगोंदविषयी काहीच कळणार नव्हते, हे त्यांना समजावताना मला जड गेले.

हा केवळ घरगुती हौसेचा प्रश्न नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या अशा एखाद्या आजीच्या आधारावर आज कॅनडाच्या पूर्व भागात अनेक जण मूळनिवासी ओळख आणि हक्क सांगू लागले आहेत आणि मिकमॅक नेत्यांनी त्याला उघड विरोध केला आहे. फ्रेंच-मिकमॅक लग्ने झालीच नाहीत असे नव्हे. म्यूस घराण्याची अशी नाती १७०८ च्या मूळनिवासींच्या खानेसुमारीत स्पष्ट दिसतात. तिथे कागद आहे, राडगोंदच्या बाबतीत नाही.

आपल्याकडे बखर आणि अस्सल कागद यांत फरक करायची शिस्त राजवाड्यांनी घालून दिली. तीच इथे लागू पडते. नोंद कुणी केली, घटनेनंतर किती वर्षांनी केली आणि कशासाठी केली, हे विचारल्याशिवाय तिला वजन देता येत नाही. एकाच वंशवृक्षाच्या हजार नकला झाल्या, तरी पुरावा एकच राहतो.

लेखमालेचा पुढचा भाग येणार असल्याचे आपण छापले आहे. त्यात बहुमताच्या सल्ल्याविषयी खुलासा करावा आणि प्रत्येक नावापुढे नोंदीचे वर्ष व ठिकाण लिहिण्याची, दोन नोंदी वेगळ्या असतील तर दोन्ही ठेवण्याची सूचना वाचकांना करावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक,
माँक्टन, न्यू ब्रन्सविक (कॅनडा)